टॅग प्रश्न (इंग्रजी व्याकरण)

टॅग प्रश्न हा इंग्रजी भाषेतील एक वाक्यप्रकार आहे. यात प्रथम एखादे विधान केले जाते आणि त्याच्या अखेरीस स्वल्पविराम देऊन बहुधा दोन शब्दांचा छोटा प्रश्न जोडला जातो. "शी इज अ टीचर, इझन्ट शी?" म्हणजे 'ती शिक्षिका आहे, नाही का?' या वाक्यातील "इझन्ट शी" हा अखेरचा तुकडा म्हणजे टॅग होय. शालेय पुस्तकांत व प्रश्नपत्रिकांत त्यास 'क्वेश्चन टॅग' म्हणतात. मराठीत 'ना', 'नाही का', 'हो ना', 'की नाही' हे शब्द जे काम करतात, तेच काम इंग्रजीत टॅग करतो. मात्र मराठीतील 'ना' कोणत्याही वाक्यामागे जसाच्या तसा लागतो. इंग्रजी टॅग मागील विधानातील क्रियापद, कर्ता, काळ आणि होकार-नकार पाहून दर वेळी नव्याने घडवावा लागतो. मराठी भाषकांकडून या प्रकरणात होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एका फरकात आहे.

रचना

टॅग हा दोन शब्दांचा दिसत असला तरी वस्तुतः तो एक संपूर्ण प्रश्न असून त्याचा उत्तरार्ध गाळलेला असतो. "इझन्ट शी?" याचा पूर्ण विस्तार "इझन्ट शी अ टीचर?" असा आहे. विधानात 'अ टीचर' हे शब्द नुकतेच येऊन गेल्यामुळे ते पुन्हा उच्चारण्याची गरज उरत नाही. ही गोष्ट ध्यानात घेतली की नियमांची लांब यादी पाठ करावी लागत नाही. दिलेल्या विधानाचा 'येस' किंवा 'नो' असे उत्तर येणारा प्रश्न करावा, विधान होकारार्थी असल्यास तो प्रश्न नकारार्थी आणि विधान नकारार्थी असल्यास होकारार्थी ठेवावा, आणि त्याचे पहिले दोन शब्द घ्यावेत. टॅग तयार होतो.

"दे कॅन स्विम" (त्यांना पोहता येते) या विधानाचा प्रश्न "कॅन दे स्विम?" असा होतो. विधान होकारार्थी असल्याने प्रश्न नकारार्थी केला की "कान्ट दे" हा टॅग मिळतो. याउलट "राम हॅझन्ट ईटन" (राम जेवलेला नाही) हे विधान नकारार्थी आहे, म्हणून टॅग होकारार्थी म्हणजे "हॅज ही" असा येतो. टॅगमध्ये 'राम' हे नाम पुन्हा येत नाही. त्याच्या जागी सर्वनाम येते.

नकारार्थी टॅगमध्ये 'नॉट' हा शब्द सामान्यतः सहाय्यक क्रियापदाला जोडून संक्षिप्त रूपात येतो. पूर्ण 'नॉट' वापरायचा असल्यास तो सर्वनामानंतर जातो: "इज शी नॉट?" ही रचना शुद्ध असली तरी ग्रांथिक किंवा न्यायालयीन थाटाची वाटते. "इज नॉट शी?" असा क्रम आजच्या इंग्रजीत चालत नाही.

सहाय्यक क्रियापदाची निवड

विधानात सहाय्यक क्रियापद स्पष्ट दिसत असेल तर तेच टॅगमध्ये घ्यावयाचे असते. अडचण येते ती साध्या वर्तमानकाळात आणि साध्या भूतकाळात, कारण तेथे सहाय्यक क्रियापद दिसतच नाही. "शी सिंग्ज वेल" (ती छान गाते) या वाक्यात एकटे 'सिंग्ज' आहे. प्रश्न करताना मात्र इंग्रजीला 'डू' या क्रियापदाची मदत घ्यावी लागते: "डझ शी सिंग वेल?" म्हणून टॅग "डझन्ट शी" असा होतो. "दे वेंट होम" याचा टॅग त्याच न्यायाने "डिडन्ट दे" असा होतो. 'वेंट' हे क्रियापद टॅगमध्ये येत नाही, येतो तो 'डिड'.

'हॅव' या क्रियापदाबाबत अर्थ पाहणे आवश्यक आहे. "शी हॅज फिनिश्ड" यात 'हॅज' सहाय्यक आहे, म्हणून टॅग "हॅझन्ट शी". परंतु "शी हॅज अ बाथ एव्हरी मॉर्निंग" (ती रोज सकाळी आंघोळ करते) यात 'हॅज' हेच मुख्य क्रियापद आहे, म्हणून टॅग "डझन्ट शी". 'हॅव टू' म्हणजे 'करावे लागणे' या अर्थीही 'डू' येतो: "वी हॅव टू गो, डोन्ट वी?" मालकी दाखविणाऱ्या 'हॅव'साठी जुन्या ब्रिटिश वळणात "हॅव यू, हॅव्हन्ट यू" अशी रूपे आढळतात; आज सर्वत्र 'डू'ची रूपेच अधिक रूढ आहेत.

संक्षिप्त रूपांनी विद्यार्थ्यांची जितकी फसगत होते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. अ‍ॅपॉस्ट्रॉफीनंतरचा 'एस' हा 'इज' असू शकतो किंवा 'हॅज'. "ही'ज गोइंग" याचा टॅग "इझन्ट ही" आणि "ही'ज गॉन" याचा "हॅझन्ट ही". तसेच 'डी' हा 'हॅड' असू शकतो किंवा 'वुड'. "ही'ड लेफ्ट" याचा टॅग "हॅडन्ट ही", तर "ही'ड लाइक सम टी" याचा "वुडन्ट ही". पुढील क्रियापदाचे रूप पाहिल्याशिवाय निर्णय करता येत नाही. 'यू'ड बेटर' मध्ये 'हॅड' दडलेला आहे (टॅग: "हॅडन्ट यू") आणि 'यू'ड रादर' मध्ये 'वुड' (टॅग: "वुडन्ट यू").

'नीड' हे दोन प्रकारे चालते: "यू नीडन्ट वेट, नीड यू?" परंतु "यू नीड मनी, डोन्ट यू?" 'यूज्ड टू' या भूतकालीन सवय दाखविणाऱ्या रचनेचा टॅग "डिडन्ट" या रूपाने होतो. 'मे'चा नकारार्थी टॅग तत्त्वतः शक्य असला तरी व्यवहारात कोणी तो वापरत नाही; बोलणारा वाक्यच बदलतो.

सर्वनामाची निवड

टॅगमधील सर्वनाम विधानाच्या कर्त्याशी जुळते. 'धिस' किंवा 'दॅट' कर्ता असेल तर टॅगमध्ये 'इट' येतो. 'दीज' किंवा 'दोज' असेल तर 'दे'. "धिस इज युअर पेन, इझन्ट इट?" येथे "इझन्ट धिस" असे लिहिणे ही शाळांत नेहमी दिसणारी चूक आहे. 'देअर'ने सुरू होणाऱ्या वाक्यात मात्र 'देअर' हाच शब्द टॅगमध्ये परत येतो: "देअर इज अ वेल बिहाइंड द हाऊस, इझन्ट देअर?" (घरामागे विहीर आहे ना?) 'देअर' हे सर्वनाम नसूनही येथे कर्त्याची जागा भरते.

'एव्हरीबडी', 'समवन', 'नोबडी' हे शब्द एकवचनी असून विधानात त्यांच्यापुढे एकवचनी क्रियापद येते. टॅगमध्ये मात्र 'दे' येतो आणि क्रियापद अनेकवचनी होते. "एव्हरीबडी हॅज अराइव्ह्ड, हॅव्हन्ट दे?" एकाच वाक्यात 'हॅज' आणि 'हॅव्हन्ट' पाहून गोंधळ उडणे साहजिक आहे. व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसल्याने इंग्रजी येथे 'दे'चा आधार घेते. 'एव्हरीथिंग', 'नथिंग' यांसाठी 'इट' वापरतात.

होकार आणि नकार ओळखणे

विधान नकारार्थी आहे की नाही हे केवळ 'नॉट' शोधून ठरत नाही. 'नेव्हर', 'हार्डली', 'स्केअर्सली', 'सेल्डम', 'रेअरली', 'नोबडी', 'नथिंग' हे शब्द वाक्याला नकारार्थी करतात आणि त्यामुळे टॅग होकारार्थी येतो. "शी नेव्हर ईट्स मीट, डझ शी?" "नोबडी कॉल्ड, डिड दे?" 'फ्यू' आणि 'लिटल' हे शब्दही याच गटातले; पण त्यांच्या आधी 'अ' लागला की ते होकारार्थी होतात. "फ्यू पीपल नो हिम, डू दे?" (त्याला फारसे कोणी ओळखत नाही ना?) आणि "अ फ्यू पीपल नो हिम, डोन्ट दे?" (त्याला काही जण ओळखतात ना?) या दोन वाक्यांतील अंतर एका अक्षराचे आहे. मराठीत 'फारसे कोणी' हे शब्द क्रियापदावर 'नाही' आणतात, त्यामुळे नकार कानाला लगेच जाणवतो. इंग्रजीत तो 'फ्यू' या शब्दाच्या पोटातच राहतो.

याउलट 'अन', 'डिस' असे उपसर्ग लागलेल्या शब्दांनी वाक्य नकारार्थी होत नाही. "शी इज अनहॅपी" हे व्याकरणदृष्ट्या होकारार्थी विधान आहे, म्हणून टॅग "इझन्ट शी" असाच येतो.

संयुक्त व मिश्र वाक्यांत टॅग सामान्यतः मुख्य वाक्याला अनुसरतो: "शी सेड दॅट ही वॉज इल, डिडन्ट शी?" परंतु वाक्याची सुरुवात "आय थिंक", "आय सपोज" अशा शब्दांनी झाली असेल तर बोलणाऱ्याला स्वतःच्या विचाराबद्दल विचारायचे नसते, प्रश्न आतील वाक्याबद्दल असतो. म्हणून "आय थिंक ही इज ऑनेस्ट, इझन्ट ही?" आणि "आय डोन्ट थिंक ही विल कम, विल ही?" दुसऱ्या वाक्यात 'डोन्ट' जरी 'थिंक'ला चिकटलेला असला तरी अर्थ 'तो येणार नाही असे मला वाटते' असा आहे. मराठीतही 'तो येईल असे मला वाटत नाही' या वाक्यात नकार असाच एका क्रियापदावरून दुसऱ्यावर सरकतो, त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला हा भाग समजण्यास कठीण जाऊ नये. कर्ता बदलला की सवलत संपते: "शी थिंक्स ही विल कम, डझन्ट शी?"

"आय अ‍ॅम" आणि आज्ञार्थी वाक्ये

"आय अ‍ॅम लेट" या विधानाचा टॅग "आरन्ट आय" असा होतो. 'आय'बरोबर 'आर' कधीच येत नसताना येथे तो का यावा, हा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच. याचे स्पष्टीकरण उच्चारात आहे. 'अ‍ॅम नॉट'चे जुने संक्षिप्त रूप झिजत 'आन्ट' अशा उच्चारापर्यंत आले. दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात व्यंजनापूर्वीचा 'र' ऐकू येत नसल्याने 'आरन्ट' हा शब्दही 'आन्ट' असाच उच्चारला जातो. दोन्ही उच्चार एक झाल्यावर लेखनात 'आरन्ट' स्थिरावले. स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये "अ‍ॅमन्ट आय" हे रूप आजही ऐकू येते. "अ‍ॅम आय नॉट" हे औपचारिक रूप कोठेही शुद्धच मानले जाते. विधान नकारार्थी असल्यास अडचण नाही: "आय अ‍ॅम नॉट लेट, अ‍ॅम आय?"

आज्ञार्थी वाक्यांत टॅगचे काम माहिती विचारणे हे नसून आज्ञेची धार कमी-अधिक करणे हे असते. "ओपन द विंडो, विल यू?" ही विनंती होय. "हॅव अ सीट, वोन्ट यू?" यात आग्रह व अगत्य आहे. "बी क्वाएट, कान्ट यू?" यात चीड आहे. नकारार्थी आज्ञेला "विल यू" हाच टॅग लागतो. शालेय परीक्षेत एकच उत्तर अपेक्षित असते म्हणून 'विल यू' पाठ करविले जाते. पण एवढ्यावर थांबल्यास टॅगमुळे बदलणारा भाव विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही. 'लेट्स'ने सुरू होणाऱ्या प्रस्तावाचा टॅग "शॅल वी" असा होतो, तर 'आम्हाला जाऊ द्या' या अर्थी "लेट अस गो" म्हटले असेल तर "विल यू".

सूर

लिखित टॅग एकच असला तरी उच्चारताना त्याचे दोन अर्थ होतात. टॅगवर सूर चढविला तर बोलणाऱ्याला खरोखरच माहिती हवी असते: "यू लॉक्ड द डोअर, डिडन्ट यू?" येथे दाराला कुलूप लागले की नाही याची शंका आहे. सूर उतरविला तर बोलणाऱ्याला खात्री आहे व तो केवळ दुजोरा मागत आहे. "लव्हली डे, इझन्ट इट?" यात उत्तराची माहिती म्हणून कोणालाच गरज नसते, तो संभाषणाला दिलेला हात आहे.

होकारार्थी विधानाला होकारार्थीच टॅग लावण्याची रीतही आहे: "सो यू आर लीव्हिंग, आर यू?" (म्हणजे निघालात तर!) यात आश्चर्य, उपरोध किंवा क्वचित धमकी असते. परीक्षेच्या नियमाविरुद्ध दिसत असली तरी ती चूक नव्हे. नकारार्थी विधानाला नकारार्थी टॅग मात्र प्रमाण इंग्रजीत लागत नाही.

उत्तर देण्याची रीत

टॅग कसा घडवावा याला पाठ्यपुस्तकांत बरीच जागा मिळते. टॅगला उत्तर कसे द्यावे याला फार थोडी. व्यवहारात मात्र हानी होते ती उत्तरात. टॅग चुकला तर ऐकणारा हसेल, पण अर्थ कळेल. उत्तर चुकले तर उलट अर्थ पोहोचतो.

इंग्रजीत 'येस' किंवा 'नो' हे उत्तर वस्तुस्थितीनुसार दिले जाते. विचारणाऱ्याशी आपण सहमत आहोत की नाही यावर ते अवलंबून नसते. वस्तुस्थिती होकारार्थी असेल तर 'येस' आणि नकारार्थी असेल तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. मराठीत दोन्ही रीती चालतात. 'तू उद्या येणार नाहीस ना?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर मिळते, तसेच 'हो, नाही येणार' असेही सहज मिळते. या दुसऱ्या उत्तरातील 'हो'चा अर्थ 'तुम्ही म्हणता ते बरोबर' असा आहे. जपानी भाषेतही विधानाला दुजोरा देणारा असा 'हो' प्रचलित आहे.

ही सवय इंग्रजीत नेल्यास काय होते ते पाहण्यासाठी दवाखान्यातील प्रसंग घेता येईल. डॉक्टर विचारतात, "यू आर नॉट अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन, आर यू?" रुग्णाला अ‍ॅलर्जी नाही. तो मराठी वळणाने "येस" म्हणतो. डॉक्टरांच्या लेखी याचा अर्थ 'अ‍ॅलर्जी आहे' असा होतो आणि विनाकारण दुसरे औषध दिले जाते. याहून गंभीर प्रकार उलट बाजूने घडू शकतो. ज्याला अ‍ॅलर्जी आहे असा रुग्ण 'नाही, तुम्ही म्हणता तसे नाही' या अर्थाने "नो" म्हणतो, आणि डॉक्टर 'अ‍ॅलर्जी नाही' असे समजतात. साक्षीदाराची उलटतपासणी, व्हिसासाठीची मुलाखत, दूरध्वनीवरून बँकेने केलेली विचारणा या प्रसंगांतही हाच धोका संभवतो.

यावर उपाय साधा आहे. 'येस' किंवा 'नो' एवढ्यावर न थांबता सहाय्यक क्रियापदासह लहान वाक्य बोलावे: "येस, आय अ‍ॅम" किंवा "नो, आय अ‍ॅम नॉट". 'येस'नंतर 'नॉट' आणि 'नो'नंतर होकारार्थी क्रियापद इंग्रजीत येत नाही, त्यामुळे उत्तर देतानाच चूक स्वतःच्या लक्षात येते. प्रश्न विचारणाऱ्यानेही महत्त्वाच्या ठिकाणी टॅग टाळून "आर यू अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन?" असा सरळ प्रश्न विचारणे श्रेयस्कर.

'इझन्ट इट' आणि भारतीय इंग्रजी

"यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?" हे वाक्य भारतात सर्वत्र ऐकू येते. प्रमाण इंग्रजीनुसार येथे "आरन्ट यू" हवे. मराठीतील 'नाही का' किंवा हिंदीतील 'है ना' यांचे हे इंग्रजी रूप होय. बोलण्यात याहूनही आखूड 'ना' आणि 'नो' हे टॅग येतात: "यू टोल्ड हिम, नो?" न बदलणारा टॅग ही केवळ भारतीय भाषांची लकब नाही. फ्रेंचमधील 'नेस पा', जर्मनमधील 'निश्त वार' हेही कोणत्याही वाक्यामागे तसेच लागतात. टॅगला दर वेळी नवे रूप देणारी इंग्रजी याबाबत तिच्या शेजारी भाषांत वेगळी पडते.

भाषाभ्यासक राकेश भट्ट यांनी भारतीय इंग्रजीतील या न बदलणाऱ्या टॅगकडे निव्वळ चूक म्हणून न पाहता सौजन्याचे साधन म्हणून पाहिले आहे. समोरच्या व्यक्तीवर थेट 'यू' न रोखल्याने बोलणे सौम्य होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत विचारार्ह आहे. तथापि शालान्त परीक्षा, स्पर्धा परीक्षा व औपचारिक लेखन यांत 'इझन्ट इट'चा असा वापर अशुद्धच धरला जातो.

इतिहास व वापर

सोळाव्या शतकातील इंग्रजी नाटकांत टॅग प्रश्न आढळतात. त्याच सुमारास प्रश्न व नकार करण्यासाठी 'डू'चा आधार घेण्याची पद्धत रूढ होत होती. गुनेल टोटी आणि सेबास्टियन हॉफमन यांच्या 2006 च्या अभ्यासानुसार अनौपचारिक संभाषणात ब्रिटिश इंग्रजीतील टॅग प्रश्नांचे प्रमाण अमेरिकन इंग्रजीच्या सुमारे 9 पट आहे. अमेरिकेत 'राइट', 'ओके', 'हं' असे न बदलणारे शब्दही पुष्कळदा टॅगची जागा घेतात.

रॉबिन लेकॉफ यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात टॅग प्रश्न हे स्त्रियांच्या बोलण्याचे व आत्मविश्वासाच्या अभावाचे लक्षण असल्याचे सुचविले. त्याच वर्षी बेटी लू डुबॉइस आणि इझाबेल क्राउच यांनी एका विद्वत्सभेतील चर्चा तपासली, तेव्हा तेथील टॅग प्रश्न पुरुषांनी विचारलेले आढळले. पुढे जॅनेट होम्स यांनी खात्री करून घेण्यासाठीचे टॅग आणि समोरच्याला बोलते करण्यासाठीचे टॅग असा भेद केला. दुसऱ्या प्रकारचे टॅग संभाषण पुढे नेण्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती अधिक वापरते.

ज्या इंग्लंडमध्ये टॅगची ही गुंतागुंतीची पद्धत घडली, तेथेच, विशेषतः लंडनमधील तरुणांच्या बोलीत, 'इझन्ट इट'चे झिजलेले 'इनिट' हे रूप आता कोणत्याही कर्त्यामागे व कोणत्याही काळात लावले जाते.